देशमुख, गणपतराव

(१० ऑगस्ट १९२६ – ३० जुलै २०२१). महाराष्ट्र विधानसभेचे दीर्घकाळ सदस्य व शेतकरी कामगार पक्षाचे एक प्रमुख नेते. सोलापूर जिल्ह्यातील सांगोले या एकाच मतदारसंघातून आणि एकाच पक्षाच्या उमेदवारीवर ते अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले. संपूर्ण नाव गणपतराव अण्णासाहेब देशमुख. सांगोले परिसरात ते ‘आबासाहेब’ म्हणून ओळखले जात. त्यांचा जन्म मोहोळ तालुक्यातील पेनूर या गावी झाला. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली सुरू केली. तथापि विद्यार्थिदशेपासूनच शेतकरी कामगार पक्षाच्या विचारांकडे ते ओढले गेले असल्याने व्यवसायापेक्षा सार्वजनिक कार्यातच त्यांचा बहुतेक वेळ खर्ची पडू लागला.

ज्या पक्षात त्यांनी संपूर्ण राजकीय आयुष्य घालविले, त्याची घडण लक्षात घेतल्याखेरीज त्यांच्या कारकीर्दीचा अर्थ लागत नाही. केशवराव जेधे, शंकरराव मोरे, तुळशीदास जाधव प्रभृतींनी १९४७ मध्ये काँग्रेसअंतर्गत एक संघ स्थापन केला आणि १९४८ मध्ये त्याचे स्वतंत्र पक्षात रूपांतर झाले. काँग्रेस संघटनेत ग्रामीण बहुजन समाजाची व लहान शेतकऱ्यांची उपेक्षा होते, ही या नेत्यांची मुख्य तक्रार होती. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने पक्षाने मार्क्सवादी भूमिका स्वीकारली. जेधे १९५४ मध्ये काँग्रेसमध्ये परतले आणि यशवंतराव चव्हाण यांच्या नेतृत्वाखाली पक्षातील अनेक कर्ते कार्यकर्ते त्याच वाटेने गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने पक्षाला पुन्हा बळ दिले. परंतु राज्य स्थापन होताच त्या चळवळीची एकजूटही संपली. अशा वेळी, १९६२ च्या निवडणुकीत, देशमुख सांगोल्यातून प्रथम निवडून आले. त्या निवडणुकीत २६४ पैकी १५ जागा मिळवून शेतकरी कामगार पक्ष हा सभागृहातील सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला व कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले. पंधरा सदस्यांचा गट सर्वांत मोठा विरोधी गट ठरावा, यावरूनच त्या काळातील काँग्रेसच्या वर्चस्वाची कल्पना येते.

सांगोले तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. माण नदी त्यातून वाहते, मात्र वर्षाचा बराच काळ तिचे पात्र कोरडे असते. पाऊस थोडा आणि अनिश्चित. त्यामुळे ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती, मेंढपाळी आणि हंगामी स्थलांतर हे येथील जीवनाचे जुने स्वरूप होते. पश्चिम महाराष्ट्रातील बागायती पट्ट्यात साखर कारखान्यांभोवती जशी राजकीय सत्ता एकवटली, तशी एकवटण्याजोगी संपत्तीच येथे नव्हती. देशमुखांचे निवडणुकीतील सातत्य समजून घेताना ही बाब महत्त्वाची आहे. तालुक्यात धनगर समाजाची वस्ती लक्षणीय असून देशमुख स्वतः त्याच समाजातील होते. त्यांच्या यशाचे हे एक कारण खरे, परंतु एकमेव नव्हे; कारण जातीचे गणित कायम असतानाही त्यांचा दोनदा पराभव झाला.

पहिला पराभव १९७२ चा. काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील त्या वेळी निवडून आले. पक्षाचीही त्या निवडणुकीत मोठी पीछेहाट झाली व त्याचे केवळ सातच सदस्य विधानसभेत पोहोचले. साळुंखे-पाटील यांच्या निधनानंतर १९७४ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत देशमुख पुन्हा विजयी झाले. मधला काळ भीषण दुष्काळाचा होता. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग अशा कामांवर लक्षावधी लोक राबत होते आणि कामाची मागणी, मजुरीचा दर, वेळेवर पगार हेच ग्रामीण राजकारणाचे प्रश्न बनले होते. या अनुभवातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला व्यापक रूप आले. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. काम मागणाऱ्यास काम देणे हे शासनाचे कायदेशीर कर्तव्य ठरविणारा हा देशातील पहिला कायदा होय. विरोधी बाकांवरील डाव्या पक्षांनी दुष्काळाच्या काळात या मागणीचा जो रेटा लावला, त्यात शेतकरी कामगार पक्षाचा वाटा मोठा होता.

१९७७-७८ मध्ये देशमुख विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. जुलै १९७८ मध्ये शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले. त्यात ते मंत्री झाले. हे मंत्रिमंडळ फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त करण्यात आले. त्यानंतर १९९९ मध्ये विलासराव देशमुख यांच्या आघाडी मंत्रिमंडळात ते दुसऱ्यांदा मंत्री झाले. रायगड जिल्हा परिषदेतील सत्तासंघर्षावरून २००२ मध्ये पक्षाने सरकारचा पाठिंबा काढून घेतला आणि ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. पन्नासहून अधिक वर्षांच्या सभासदत्वात मंत्रिपदाचा काळ असा जेमतेम चार-पाच वर्षांचा आहे. उरलेला सर्व काळ त्यांनी विरोधी बाकांवर काढला.

विरोधी सदस्याच्या हाती प्रत्यक्षात काय असते, हे येथे पाहणे उपयुक्त ठरेल. अंदाजपत्रक त्याच्या मताने बदलत नाही आणि अशासकीय विधेयक संमत होण्याचा प्रसंग क्वचितच येतो. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, कपात सूचना व विधिमंडळाच्या समित्या ही त्याची खरी साधने. प्रश्नाला मंत्र्याने दिलेले उत्तर कामकाजात नोंदले जाते आणि दिलेल्या आश्वासनाचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. त्यामुळे चिकाटीचा सदस्य एकच प्रश्न अधिवेशनामागून अधिवेशन मांडून शासनाला त्याच्या शब्दाला बांधून ठेवू शकतो. ही साधने वापरावयास कामकाजाच्या नियमांची जाण आणि स्मरणशक्ती लागते. दीर्घ सभासदत्वाचा लाभ मुख्यतः येथेच दिसतो : धोरण ठरले तेव्हा सभागृहात कोण काय बोलले, हे ठाऊक असलेला सदस्य अधिकाऱ्यांनाही टाळता येत नाही. देशमुखांच्या भाषणांत वक्तृत्वाचा फुलोरा नसे. दुष्काळ, शेतीमालाचे भाव, पाटबंधारे आणि सहकार या विषयांचा तपशील असे.

त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत दीर्घ लढा पाण्याचा होय. कृष्णा पाणीवाटप लवादाने (बच्छावत लवाद) महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले होते. निवाड्याच्या फेरविचाराची तरतूद मे २००० नंतरची असल्याने, तोपर्यंत जे पाणी अडविले जाणार नाही त्यावरील हक्क धोक्यात येईल, अशी भीती होती. धरणाखालील क्षेत्रात ऊस वाढत असताना पूर्वेकडील अवर्षणप्रवण तालुके कोरडेच राहिले होते. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडी येथे तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. सांगली, सातारा व सोलापूर जिल्ह्यांतील शेतकरी तीत एकत्र आले आणि देशमुख हे तिच्या प्रमुख नेत्यांपैकी एक होते. पाणी केवळ धरणालगतच्या जमिनीचे नसून खोऱ्यातील सर्व कुटुंबांचा त्यावर न्याय्य वाटा आहे, हे समन्यायी वाटपाचे तत्त्व या परिषदेने लोकांपर्यंत पोहोचविले. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. टेंभू व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांची कामे मात्र निधीअभावी वर्षानुवर्षे रेंगाळली. सांगोल्याच्या काही भागात त्यांचे पाणी पोहोचले, तेव्हा मागणी करणाऱ्यांची एक पिढी सरली होती. शिवाय उपशाचे वीजबिल कोणी भरावयाचे, हा नवा वाद त्यातून उभा राहिला.

पाण्याची वाट पाहत असतानाच तालुक्याने डाळिंबाचा मार्ग धरला. रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना १९९० मध्ये सुरू झाली आणि थोड्या पाण्यावर, पुढे ठिबक सिंचनावर येणारे हे पीक हलक्या जमिनीत चांगले रुजले. तेल्या रोगाने या बागांचे पुढे बरेच नुकसान केले, ही त्याची दुसरी बाजू. सहकाराच्या क्षेत्रात देशमुखांच्या नेतृत्वाखालील शेतकरी सहकारी सूतगिरणीचा उल्लेख आवश्यक आहे. कापूस फारसा न पिकणाऱ्या तालुक्यात सूतगिरणी काढणे हे वरकरणी विसंगत वाटते. तथापि राज्यातील अनेक सहकारी गिरण्या कर्जात बुडाल्या असता काटकसरीच्या व्यवहारामुळे हिने नाव मिळविले.

एस. टी. बसने प्रवास करणारा आमदार अशी देशमुखांची ख्याती होती. अशा गोष्टींना राजकीय आख्यायिकांचे रूप लवकर येते. पण त्यांच्या बाबतीत साधेपणाला राजकीय मूल्यही होते. उमेदवाराकडे पैसा नसणे ही मतदारांच्या दृष्टीने उणीव न ठरता विश्वासाची खूण ठरली. असे असूनही १९९५ मध्ये काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी त्यांचा अवघ्या १९२ मतांनी पराभव केला. १९९९ मध्ये देशमुखांनी जागा परत मिळविली आणि २००४, २००९ व २०१४ असे सलग विजय मिळविले. २०१४ मध्ये, ८८ व्या वर्षी, त्यांचे मताधिक्य सुमारे २५ हजारांचे होते. या अकरा विजयांना पुष्कळदा देशातील विक्रम म्हटले जाते, ते अचूक नाही. तमिळनाडूत मु. करुणानिधी आणि केरळमध्ये पाला मतदारसंघातून के. एम. मणी हे त्याहून अधिक वेळा निवडून आले. महाराष्ट्रापुरता मात्र त्यांचा उच्चांक निर्विवाद आहे.

व्यक्ती टिकली तरी पक्ष टिकला नाही, हे या कारकीर्दीतील मोठे वैगुण्य. १९७८ मध्ये पक्षाचे १३ आमदार होते, १९९९ मध्ये ५ आणि २०१४ मध्ये ३. मराठवाड्यातील इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९५२ च्या हैदराबाद विधानसभेत पक्षाने १० जागा मिळविल्या होत्या आणि उस्मानाबादचे उद्धवराव पाटील हे तेथील प्रभावी सदस्यांत गणले जात. येरमाळा, कळंब, तेर या परिसरातील मतदारांचे विधिमंडळ १९५६ मध्ये हैदराबादहून मुंबईस आले, तेव्हाही पक्षाचा पाया शाबूत होता. उद्धवराव १९७७ मध्ये लातूरमधून लोकसभेवर निवडून गेले. नंतर मात्र उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यातील हा आधार ओसरला. तेथे नेत्यामागे एखादी सूतगिरणी, बाजार समिती वा गावोगावच्या कार्यकर्त्यांची नवी फळी सांगोल्याइतकी घट्ट राहिली नाही. उलट सांगोल्यात संघटना एवढी एका व्यक्तीभोवती गुंफली गेली, की तिचा नमुना शेजारच्या तालुक्यांतही उचलला गेला नाही.

वार्धक्यामुळे २०१९ च्या निवडणुकीतून देशमुख बाजूला झाले. पक्षाने त्यांचे नातू अनिकेत देशमुख यांना उमेदवारी दिली. शहाजीबापू पाटील, आता शिवसेनेतर्फे, ७६८ मतांनी विजयी झाले. घराण्यांच्या राजकारणावर टीका करीत आलेल्या पक्षाला वारस घरातच शोधावा लागला. सोलापूर येथे वयाच्या ९५ व्या वर्षी देशमुख यांचे निधन झाले. २०२४ च्या निवडणुकीत त्यांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी सांगोल्याची जागा परत मिळविली. त्या विधानसभेत शेतकरी कामगार पक्षाचे ते एकमेव सदस्य होते.