चावी कुणाच्या खिशात

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की सारोळ्याशी नीरेवरचा पूल लागतो. अलीकडे भोर तालुका, पलीकडे शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. या पुलावर ट्रेलर आडवा झाला, तर अलीकडच्या राजगड पोलीस ठाण्याला आणि पलीकडच्या शिरवळ ठाण्याला ते एकाच वेळी कळावं लागतं, कारण वाहतूक दोन्ही अंगांनी अडवायची असते. दोन्ही ठाणी एकाच राज्याची. भाषा, कायदा, गणवेश सगळं एक. तरी जिल्हा बदलला की नियंत्रण कक्ष बदलतो, वरिष्ठ बदलतात आणि ‘हद्द कुणाची’ हा प्रश्न क्रेनच्या आधी पुलावर येऊन उभा राहतो. मग ठाणी दोन देशांची असतील तेव्हा काय होत असेल? सारोळ्याहून हाच महामार्ग उत्तरेला धरला, तर दीड-दोन तासांवर औंधची लष्करी छावणी आहे. गेली काही वर्षं परदेशी सैन्यांबरोबरचे सराव तिथे सातत्याने होत आहेत: नोव्हेंबर 2024 मध्ये ऑस्ट्रेलियाबरोबर, एप्रिल 2025 मध्ये उझबेकिस्तानबरोबर. सरावांच्या बातम्यांत दोन झेंडे असतात, हस्तांदोलन असतं आणि ‘परस्पर समन्वय वाढला’ असं एक वाक्य असतं. हा समन्वय नेमका कशाचा, हे मात्र त्या छायाचित्रात कधीच दिसत नाही.

तो दिसायचा असेल तर वायरलेसपाशी बसलेल्या जवानाकडे पाहावं लागतं. कानाला हेडफोन, समोर लॉगबुक, हातात पेन्सिल. मार्च 2016 मध्ये औंधला ‘फोर्स 18’ हा सराव झाला तेव्हा 18 देशांची पथकं एका मैदानावर होती. आसियानचे 10 देश आणि भारत, अमेरिका, रशिया, चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. विषय दोनच, शांतिसेनेची कामगिरी आणि भूसुरुंग निकामी करणं. भारताच्या 40 जणांच्या तुकडीचं नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांच्याकडे होतं. 18 तुकड्यांच्या प्रमुखांत त्या एकट्याच महिला, आणि तेव्हाच्या बातम्या तेवढ्यावरच थांबल्या. त्या सिग्नल कोरच्या अधिकारी आहेत आणि 2006 मध्ये काँगोतल्या शांतिसेनेत काम करून आलेल्या होत्या, ही गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. 18 देशांच्या मैदानावर भारतानं पाठवलेला माणूस संदेशवहनाच्या शाखेतला होता. हा योगायोग असेलही, पण निवड अचूक होती.

कारण त्या मैदानावरचं अवघड काम यंत्राचं नसतंच. फ्रीक्वेन्सी ठरवणं, कॉलसाइन वाटणं, ‘रेडिओ चेक’ घेणं ही कामं अर्ध्या दिवसात उरकतात. अडतं ते पुढे. एकाने नकाशावरच्या जागेचे अंक सांगितले की दुसऱ्याने ते अंकाअंकाने परत म्हणून दाखवायचे आणि पहिल्याने ‘बरोबर’ म्हणेपर्यंत पेन्सिल खाली ठेवायची नाही. ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’ म्हणायचं. ‘रिपीट’ म्हणायचं नाही, कारण इंग्रजी रीतीच्या तोफखान्यात त्याचा अर्थ ‘तोच मारा पुन्हा करा’ असा होतो. वेळ सांगायची तर कुणाची? आपलं घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, जपानचं नऊ. म्हणून सगळ्यांनी ग्रीनिचचीच वेळ लिहायची. नकाशाचंही तसंच. आपले जुने नकाशे ‘एव्हरेस्ट’ नावाच्या मोजणीच्या आधारावर काढलेले आणि जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस-84 या दुसऱ्या आधारावर. तेच अक्षांश-रेखांश एका नकाशावरून उचलून दुसऱ्यावर टेकवले तर जागा कित्येक मीटर सरकते. रस्ता शोधणाऱ्याला ते चालून जाईल. भूसुरुंग शोधणाऱ्याचं काय होईल? म्हणून आधी आधार विचारायचा, मग अंक. हे काम कंटाळवाणं आहे, त्यावर कुणी चित्रपट काढणार नाही. पण ‘समन्वय’ या गुळगुळीत शब्दाखाली दडलेलं काम ते हेच, आणि ते करणाऱ्या जवानाचा फोटो सरावाच्या बातमीत कधी आलेला मला आठवत नाही.

या सगळ्यात गुप्त असं काहीच नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. 2016 मध्ये औंधच्या मैदानावर अमेरिका होती आणि चीनही होता. एकमेकांवर पाळत ठेवणारे देश एकाच कामासाठी एकमेकांशी नीट बोलू शकले, कारण तिथे विश्वासाची गरज नव्हती. आधी ठरवलेली रीत पुरेशी होती. माझा मुद्दा इथेच आहे. सैन्यांमधल्या संपर्काचे दोन वेगळे थर आहेत आणि आपण ते सारखे एकात एक कालवतो. पहिला थर रीतीचा. तो कुणाशीही, अगदी प्रतिस्पर्ध्याशीही वाटून घेता येतो, वाटावाही. दुसरा थर गुप्ततेचा, म्हणजे सांकेतिक चावीचा, आणि तिथे रीत कितीही चोख असली तरी प्रश्न एकच उरतो, की चावी बनवतो कोण आणि बदलतो कोण. सारोळ्याच्या पश्चिमेला डोंगरात राजगड आहे. फेब्रुवारी 1670 मध्ये कोंढाणा सर झाल्यावर गडावरच्या पागेला आग लावली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, असं सभासद बखरीत येतं. उजेड मधल्या खोऱ्यातल्या कुणालाही दिसला असेल. पण गड आला, हे त्यावरून राजगडाला कळलं. खूण उघडी होती, अर्थ आपला होता.

आजच्या सांकेतिक यंत्रांत तो अर्थ कुणाचा राहतो? 6 सप्टेंबर 2018 ला दिल्लीत भारत आणि अमेरिका यांनी ‘कॉमकासा’ हा संपर्क-सुरक्षेचा करार केला. मुदत 10 वर्षं. त्याआधी घेतलेल्या सी-130जे आणि पी-8आय या अमेरिकी विमानांत अमेरिकेची खास सुरक्षित संपर्क-यंत्रणा नव्हती. बाजारात मिळणारी उपकरणं बसवून काम भागवलं होतं. मलबार सरावात तर अमेरिकी नौदल आपल्या जाळ्याची उपकरणं भारतीय जहाजावर तात्पुरती आणून बसवायचं आणि सराव संपला की काढून न्यायचं. चार दिवस सुरक्षित बोलायचं आणि पाचव्या दिवशी पुन्हा उघड्या लाटेवर यायचं, हे कुठल्याही नौदल अधिकाऱ्याला बोचणारच. कराराच्या बाजूचा हा युक्तिवाद खरा आहे आणि तो उडवून लावण्यात शहाणपण नाही. हिंदी महासागरात पाणबुडीचा माग दोन नौदलं मिळून काढत असतील, तर ठिकाण दहा मिनिटांनी कळून उपयोग नसतो.

पण चावी दुसऱ्याने पुरवलेली असते तेव्हा यंत्र तपासण्याचा हक्कही त्याच्याकडे जातो. माहिती आपल्या संमतीवाचून तिसऱ्या देशाला जाणार नाही, अशी ग्वाही सरकारने दिली होती. ती खरी मानू. तरीही कराराचा मजकूर जाहीर झालेला नाही, म्हणजे नागरिकाच्या हाती ग्वाही आहे, कलमं नाहीत. आणि आपल्या ताफ्यात रशियन बनावटीचं बरंच काही आहे. रशियाची एस-400 क्षेपणास्त्रं घेतली म्हणून तुर्कस्तानला, जो नाटोचा सदस्य आहे, अमेरिकेने 2019 मध्ये एफ-35 च्या कार्यक्रमातून काढलं. तीच एस-400 आपणही घेतली आहेत. मित्राची चावी मित्राच्या नाराजीसकट येते, इतकं तरी यातून दिसतं.

यावर कुणी म्हणेल, ही भीती जुन्या अलिप्ततावादाची आहे. माहिती जितकी जास्त वाटली जाईल तितकं सगळ्यांचं भलं. 26 नोव्हेंबर 2008 च्या आधी समुद्रमार्गे मुंबईवर हल्ला होऊ शकतो, असा इशारा अमेरिकी गुप्तचरांकडून आला होता, हे नंतर उघड झालं. इशारा देशात पोहोचला होता. अडला तो घरातल्या घरात, एका यंत्रणेकडून दुसरीकडे जाताना. 27 फेब्रुवारी 2019 चं उदाहरण त्याहून कडू आहे. श्रीनगरजवळ बडगामला हवाई दलाचं एमआय-17 हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं. हवाई दलाचे सहा जण गेले, त्यात नाशिकचे एक स्क्वाड्रन लीडर. जमिनीवरचा एक नागरिकही गेला. ही आपली मोठी चूक होती, असं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी जाहीरपणे मान्य केलं. तिथे दुसरा देश नव्हता, परकी भाषा नव्हती, चावीही आपलीच होती. आकाशातलं यंत्र आपलं की परकं, हे आपल्याच माणसाला वेळेत कळलं नाही. 18 देशांशी बोलायला शिकण्याच्या उत्साहात हा हिशेब मागे पडू नये.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे. गुप्त काही वाटायचंच नसेल तर औंधचे सराव म्हणजे नुसता सोहळा नाही का? थोडासा आहे; उद्घाटनाच्या दिवशी तर बराच. पण सप्टेंबर 2018 चा आठवडा आठवा. दिल्लीत कॉमकासावर सही झाली आणि चारच दिवसांनी, 10 तारखेला, औंधला बिमस्टेक या प्रादेशिक गटातल्या देशांचा मायलेक्स-18 हा सराव सुरू झाला. नेपाळने ऐन वेळी आपली तुकडी पाठवायचं रद्द केलं आणि निरीक्षक पाठवले. नेपाळशी आपलं लष्करी नातं इतकं जवळचं, की दोन्ही देश एकमेकांच्या लष्करप्रमुखांना मानद जनरल करतात. वायरलेस जुळत नव्हता म्हणून ते आले नाहीत असं नाही. काठमांडूत राजकारण फिरलं. म्हणजे रीत माहीत असूनही तुकडी मैदानात येईलच असं नाही. पण एखाद्या भूकंपात ती आलीच, तर रीत शिकवायला त्या दिवशी वेळ नसतो. भारतीय जवान एप्रिल 2015 मध्ये नेपाळच्या ढिगाऱ्यांवर होते, तेव्हा इतर देशांची पथकंही तिथेच होती.

म्हणून दोन थरांचे दोन वेगळे हिशेब ठेवावेत, असं मला वाटतं. रीतीच्या थरात हात सैल सोडावा. गुरुग्रामला डिसेंबर 2018 मध्ये सुरू झालेलं नौदलाचं हिंदी महासागर माहिती केंद्र हेच करतं: व्यापारी जहाजांची उघडी माहिती, वेगवेगळ्या देशांचे संपर्क अधिकारी, एकच छप्पर. चाच्यांविरुद्ध आणि बुडत्या जहाजासाठी तेवढं बहुतेक वेळा पुरतं. चावीच्या थरात मात्र हात आखडताच बरा, आणि आपल्या तिन्ही दलांना एकमेकांशी जोडणारे रेडिओ आपल्याच संकेतांवर चालले पाहिजेत, मग त्याला वेळ लागला तरी. कॉमकासाची 10 वर्षं सप्टेंबर 2028 मध्ये भरतात. नूतनीकरणाच्या आधी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने, बंद दाराआड का होईना, तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: गेल्या दशकात किती वेळा तपासणीसाठी परकी माणसं आपल्या जहाजांवर चढली, किती वेळा मिळालेल्या माहितीमुळे आपला निर्णय बदलला, आणि उद्या ही चावी अचानक बंद झाली तर पी-8आय मध्ये बसलेला आपला ऑपरेटर कुठल्या लाटेवर बोलेल.