जुना सिनेमा ‘टिकतो’ का? आधी प्रश्न नीट मांडूया

सुट्टीत सोनगीरला घरी होतो. व्ही. शांताराम यांचा ‘माणूस’ (१९३९) लॅपटॉपवर लावला आणि पंधरा मिनिटांत बंद केला. आवाजात खरखर, चित्र पांढुरकं. “आता नाही बघवत,” असा निकालही देऊन टाकला.

मग आठवलं, पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं. रीडिंग वाईट आली म्हणून दोन महिन्यांची सॅम्पल फेकली. दोष निघाला यंत्रातल्या जुन्या दिव्याचा!

म्हणून दुसऱ्यांदा बघताना खटकलेल्या गोष्टी तीन रकान्यांत लिहिल्या.

१. प्रतीचा दोष. तेव्हा आवाज फिल्मच्या कडेच्या पट्टीवर छापलेला असे. त्यातून जाणारा प्रकाश कमी-जास्त होतो आणि त्याचा पुन्हा आवाज बनतो. पट्टीवरचा ओरखडा किंवा धूळ म्हणजेच आपली खरखर. प्रतीवरून प्रत काढताना बारकावेही जातात. यात दिग्दर्शकाचा काय दोष?

२. काळाचं वळण. मराठी बोलपट सुरू झाला १९३२ मध्ये, ‘अयोध्येचा राजा’पासून. म्हणजे ‘माणूस’च्या वेळी तो जेमतेम सात वर्षांचा. संवाद नाटकी वाटतात ते त्यामुळेही.

३. सिनेमाचे स्वतःचे निर्णय. खरा डेटा हा. पोलीस शिपाई गणपत (शाहू मोडक) धाडीतून मैनाला (शांता हुबळीकर) वाचवतो, प्रेमात पडतो. पुढे तिच्या हातून छळणाऱ्या नातेवाइकाचा खून होतो. खुनी कोण, हे कोडं इथे नाहीच. कायद्याच्या माणसाचं स्वतःचं माणूस गजाआड गेलं तर त्यानं काय करावं, हा पेच आहे. तो तिला सोडवू पाहतो. तीच नकार देते. हा पेच आजही तितकाच धारदार आहे. मैनाचं अनेक भाषांत फिरणारं गाणंही तसंच: गिऱ्हाईक बदलतं तशी भाषा बदलते, आणि तिचं जगणं आवाजातूनच कळतं.

पण याच रकान्यात एक उणी नोंदही आहे. गणपतला कर्तव्याकडे परतायची वाट मिळते. मैनाला अपराधी भावनेतून सुटायची वाट सिनेमा देत नाही. हे मात्र प्रतीवर ढकलता येणार नाही.

आमच्या गावात तांब्या-पितळेची भांडी घडवतात. भांडं काळं पडलं म्हणून कुणी त्याला फुटकं म्हणत नाही. आधी चिंचेनं घासतात, मग पाणी भरून बघतात. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये एखादं काम ‘कालबाह्य’ लिहिण्याआधी आपणही एवढं करूया.