अ‍ॅव्होकॅडोची बी कुंडीत लावली, तर घरात फळं मिळतात का?

महागडा अ‍ॅव्होकॅडो खाल्ल्यावर बी फेकवत नाही. ग्लासात ठेवली तर रोपही येतं. पण फळ? त्या आशेवर राहू नका. शोभेचं झाड म्हणून मात्र जरूर लावा.

बी कशी रुजवायची?
बी धुवा. सपाट बाजू खाली ठेवून तीन-चार टूथपिक टोचा आणि बुडखा पाण्यात राहील अशी ग्लासवर टेकवा. पाणी बदलत राहा. साधारण २ ते ६ आठवड्यांत बी दुभंगून मूळ फुटतं. खोड १५ सेंटिमीटर झालं की निम्म्यावर छाटा, फुटवे येतात. मग कुंडीत लावा. कुंडी भरपूर उजेडात ठेवा.

फळ का नाही?
मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेतलं हे सदाहरित झाड बाहेर २० मीटरपर्यंत वाढतं. बीपासूनच्या झाडाला फळ धरायला जमिनीतही ५ ते १५ वर्षं लागू शकतात. शिवाय ते फळ तुम्ही खाल्लेल्यासारखं निघेलच असं नाही. म्हणून ‘हास’सारखी वाणं कलमानेच वाढवतात.

पानं पिवळी पडली?
बहुतेकदा पाणी जास्त होतं आणि मुळं कुजतात. वरची माती सुकल्यावरच पाणी घाला. कुंडीला छिद्र हवंच.

घरात लव्हबर्ड्स आहेत?
मग कुंडी त्यांच्यापासून लांब ठेवा. पानांत ‘पर्सिन’ नावाचं द्रव्य असतं. पक्षी आणि सशांसाठी ते जीवघेणं ठरू शकतं.