कुत्र्यासकट जेवायला जायचं तर

नांदेडच्या तरोडा, असर्जन, विष्णुपुरीकडच्या नव्या वसाहती असोत की लातूरच्या औसा रोड, बार्शी रोडवरच्या सोसायट्या, इथल्या घरांत कुत्रा आता उंबऱ्याच्या आत आला आहे. एका पिढीपूर्वी तो शेतातल्या आखाड्यावर असायचा, गोठ्याच्या तोंडाशी बसायचा, उरलेल्या भाकरीवर वाढायचा. आता त्याला लसीचं पुस्तक आहे, हिवाळ्यात अंगावर झूल आहे, आणि घरातली पोरं त्याला धाकटा भाऊ मानतात. त्यामुळे रविवारी संध्याकाळी सगळं घर बाहेर जेवायला निघालं की प्रश्न उभा राहतो, याचं काय करायचं? घरात कोंडलं तर तो रडतो. गाडीत ठेवायचा तर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद गाडीत काही मिनिटांत त्याच्या जिवावर बेततं.

पुण्या-मुंबईच्या उपनगरांत यावर ‘पेट फ्रेंडली’ अशी पाटी लावलेले कॅफे निघाले. नांदेड-लातूरकडे अशी पाटी अजून नवलाईची आहे. दोन्ही शहरांत शिकवणीच्या निमित्ताने राज्यभरातली मुलं येतात, त्यांच्यामुळे कॅफे वाढले, हमरस्त्यावर कुटुंबासाठी वेगळी बैठक असलेले ढाबे वाढले. त्यामुळे हा प्रश्न इथेही दारात येऊन थांबला आहेच.

नियम आधी पाहिला पाहिजे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६चा, त्याखालचे परवाना आणि नोंदणीचे विनियम २०११चे. त्यांच्या अनुसूची ४मध्ये स्वच्छतेच्या ज्या अटी आहेत, त्यांत जनावरं, पक्षी आणि पाळीव प्राण्यांना खाद्य-आस्थापनेच्या जागेत शिरू देऊ नये, असं स्पष्ट आहे. यामागचं कारण योग्यच आहे. शिजलेल्या अन्नाजवळ केस, लाळ, गोचीड यांना जागा नाही. म्हणून ज्या मालकाला कुत्र्यांसाठी सोय करायची आहे, त्याने स्वयंपाकघर, साठवणीची खोली आणि आतला हॉल यांपासून पूर्ण वेगळी उघडी जागा आखावी आणि पाटी रंगवण्याआधी तो नकाशा अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांना दाखवून विचारून घ्यावं.

परदेशांतही वाट याच दिशेने निघाली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०१४मध्ये कायदा केला आणि जानेवारी २०१५पासून हॉटेलच्या बाहेरच्या उघड्या बैठकीत पाळीव कुत्र्यांना मुभा मिळाली. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. कुत्र्याने हॉलमधून न जाता बाहेरच्या बाहेर आत यावं. पट्टा सुटू नये. खुर्चीवर, बाकावर चढू नये. स्वयंपाक करणाऱ्याने आणि वाढणाऱ्याने त्याला हात लावू नये. आणि त्याला खायला-प्यायला द्यायचं ते एकदा वापरून टाकायच्या भांड्यातच. ही शेवटची अट आपल्याकडे पाळायला सगळ्यात सोपी आहे. पळसाचे द्रोण आणि पत्रावळी मराठवाड्यात कुणाला शिकवायला नकोत.

द्रोणाची ही गोष्ट नुसत्या स्वच्छतेची नाही. नांदेड, लातूर, उदगीर इथे मुस्लिम वस्ती मोठी आहे. कुत्र्याने तोंड घातलेलं भांडं सात वेळा धुवावं, अशी त्या धर्मात शिकवण आहे. अनेक हिंदू घरांतही कुत्र्याचं भांडं कधी माणसांच्या भांड्यांत मिसळत नाही. कुत्र्याला घाबरणारी माणसं तर सगळ्याच घरांत असतात. ‘आमच्याकडे सगळ्यांची भांडी एकाच हौदात धुतली जात नाहीत’ हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. ज्याला कुत्रा आवडतो त्याची सोय करताना ज्याला आवडत नाही त्याचा घास कडू होऊ नये, एवढी काळजी न घेणाऱ्या मालकाने या फंदात पडू नये.

आता या भूमीकडे वळू, कारण कुत्रा आणि जेवण यांचं नातं इथे कॅफेपेक्षा फार जुनं आहे.

नांदेडहून लातूरकडे जाणारा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ३६१. लोहा मागे पडलं की माळेगाव येतं. मार्गशीर्षाच्या अखेरीला इथे खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार, कुस्त्यांचा फड, लावणी महोत्सव, वाघ्या-मुरळी यांच्याबरोबरच नांदेड जिल्हा परिषद तिथे अश्व, श्वान आणि कुक्कुट प्रदर्शन भरवते. गावोगावची माणसं आपली कुत्री आणतात, त्यांना मंडपात उभं करतात, त्यांची उंची, छाती, चाल यांवर चर्चा झडते. खंडोबाच्या जत्रेत कुत्र्याचा असा मान असणं स्वाभाविकच आहे, कारण कुत्रा हा त्या देवाच्या परिवारातला. खंडोबा मार्तंडभैरव मानला जातो, आणि भैरवाचं वाहनच कुत्रा. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवतात, तेव्हा देवाच्या घोड्याला आणि कुत्र्याला घास काढण्याची रीत अनेक घरांत आजही पाळतात. खंडोबाला वाहिलेला वाघ्या तर स्वतःला देवाचा कुत्रा मानायचा. कोटंबा या भिक्षापात्रात भिक्षा घ्यायची, देवापुढे कुत्र्यासारखं भुंकायचं, हा पूर्वी त्याच्या उपासनेचाच भाग होता. कर्नाटकात खंडोबाला मैलार म्हणतात, त्याचे उपासक गोरव हेच करत आले. रा. चिं. ढेरे आणि जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी या परंपरेचा जन्मभर मागोवा घेतला.

नांदेड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला माहूरगड आहे. ते दत्ताचं ठाणं, आणि चित्रांत दत्ताच्या पायांशी चार कुत्री बसलेली असतात, त्यांना भाविक चार वेद मानतात. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं गाव मानलं जातं. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव मराठी मुलांना शाळेआधीच भेटतात. नामदेवांची पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळे नांदेडच्या तख्त सचखंड हजूर साहिबला येणाऱ्या पंजाबी यात्रेकरूंनाही ते परके नाहीत.

याहून जुना पुरावा दगडात आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरचे, म्हणजे आजच्या लातूरचे, अधिपती म्हणवत. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचा किल्लाही त्यांच्याच काळाशी जोडला जातो. त्यांच्यापैकी तिसऱ्या कृष्णाच्या काळातला, सुमारे इसवी सन ९५०चा एक शिलालेख आज कर्नाटकातल्या मंड्य जिल्ह्यात असलेल्या आतकूरचा आहे. चोळांशी झालेल्या लढाईत मनलेर नावाच्या वीराने पराक्रम केला. कृष्णाचा मांडलिक गंग राजा बूतुग त्याला म्हणाला, हवं ते माग. मनलेराने काली नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे एका रानडुकराशी झुंजताना काली आणि डुक्कर दोघंही मेली. मनलेराने कालीसाठी देवळापुढे शिळा उभारली, तिच्यावर ती झुंज कोरली आणि जमीन लावून दिली. लेखात एक अट आहे. त्या शिळेची पूजा न करता जो पुजारी जेवेल त्याला दोष लागेल. हजाराहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने आपल्या कुत्र्यासाठी एवढं केलं. शिळा आता बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे, लातूरकरांनी ती एकदा तरी जाऊन पाहावी.

काली कुठल्या जातीचा होता हे लेख सांगत नाही. पण दख्खनच्या पठारावर आजही शिकारी कुत्र्यांची एक देखणी जात आहे, आणि तिचं एक घर लातूर-नांदेडच्या पट्ट्यात आहे. कारवान, आणि तिचाच झुपकेदार केसांचा भाऊ पश्मी. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पोट पाठीला लागलेलं, पाय काठीसारखे. महामार्गावरच्याच चाकूर तालुक्यातलं जानवळ गाव पश्मी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. मध्य आशियातून आलेल्या काफिल्यांबरोबर यांचे पूर्वज आले, असं समजलं जातं. कर्नाटकात याच घराण्यातल्या कुत्र्याला मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नाव मिळवून दिलं. मुधोळ हाउंडवर २००५मध्ये टपाल तिकीटही निघालं. मराठवाड्याचा कारवान आणि पश्मी मात्र जत्रेत जेवढा मिरवला तेवढा बाहेर मिरवला नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची, काळविटाची शिकार बंद झाली, ती व्हायलाच हवी होती. पण त्याबरोबर या कुत्र्याचं पिढीजात काम गेलं. शहरात पिल्लू घ्यायचं ठरलं की घरं लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, अगदी हस्कीकडे वळतात. बर्फातल्या कुत्र्याला मे महिन्यातल्या लातुरात आणणं हा त्या जनावराचा छळ आहे, हे स्पष्ट म्हणायला हवं.

कारवान कॅफेत येऊ शकतो का? येऊ शकतो, पण त्याचा स्वभाव ओळखून. अनोळखी माणसाने डोक्यावरून हात फिरवलेला त्याला आवडत नाही. तो मागे सरतो, आणखी जवळ गेलं तर गुरगुरतो. त्यात उद्दामपणा नसतो, हा कुत्रा मुळातच अबोल आणि एका घराशी बांधलेला. शिवाय तो नजरेने शिकार करणारा आहे, म्हणून लांबवर पळणारी मांजर दिसली की क्षणात सुटतो आणि मग हाकेला ओ देत नाही. त्याला भिंतीकडेचा कोपरा, मजबूत कडी आणि थोडं अंतर लागतं. त्याच्या बरगड्या दिसतात म्हणून ‘उपाशी ठेवलंय का’ असं मालकाला विचारू नये. निरोगी कारवानाच्या बरगड्या दिसतातच.

जागा कशी असावी याचा नमुना लातूरकरांना बाहेर शोधायला नको. माळेगावची यात्रा आणि येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, एकाच सुमाराला येतात. येळवसच्या दिवशी शहर ओस पडतं, बाजार थंडावतो, सगळे शेतात. कडब्याची कोप, तिच्यात पांडवांची पूजा, आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. त्या पंगतीच्या कडेला राखणीचं कुत्रं बसलेलं असतं. कुणी त्याला हाकलत नाही आणि कुणी ताटाजवळही येऊ देत नाही, त्याचा वाटा शेवटी त्याच्यापुढे जातो. झाडाची सावली, मातीची जमीन, माणसाला आणि कुत्र्याला आपापलं अंतर. शहराच्या कडेला ज्यांच्याकडे अर्धा एकर मोकळी जागा आहे अशा ढाब्यांना ही मांडणी वातानुकूलित कॅफेपेक्षा कितीतरी सहज जमेल. गुळगुळीत फरशीवर कुत्र्याचे पाय घसरतात, मोठ्या आवाजाच्या गाण्यांनी तो बिथरतो. लिंबाखालच्या जमिनीवर तो आपोआप अंग टाकतो.

एका बाबतीत मात्र येळवसची सवय सोडावी लागेल, आपल्या जेवणातला वाटा कुत्र्याला द्यायची. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतात. त्यामुळे आपला रस्सा, भरीत, ठेचा, तडक्याची डाळ यांतलं काहीही त्याला देण्याजोगं नाही, ‘थोडंसं’ही नाही. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडावर घाला घालतात, चॉकलेटही विषारी. मटणाचं शिजलेलं हाड फुटून आतड्यात रुतू शकतं. हॉटेलने कुत्र्यासाठी वेगळं काही ठेवायचंच तर कोरडी भाकरी, बिनमिठाचा भात, उकडलेलं अंडं किंवा बिनमसाल्याची, हाड काढलेली कोंबडी पुरे. ताजं पाणी आधी.

उन्हाचा हिशेब तितकाच महत्त्वाचा. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त तळव्यांतून येतो, बाकी सगळी उष्णता तो धापा टाकून बाहेर टाकतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी डांबर हाताला सोसत नसेल तर त्याच्या पायांनाही सोसणार नाही. त्या दिवसांत अशी बैठक सूर्य मावळल्यावरच उघडावी.

राहिली ती रस्त्यावरची कुत्री. पाळीव कुत्र्याला मागच्या अंगणात बसवलं की वासावर भटकी येणार, झुंज लागणार, एखादं पोर मध्ये सापडणार. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागाच असाव्यात असं सांगितलं, आणि नोव्हेंबरमध्ये देशभरातल्या शाळा, दवाखाने, बसस्थानकं यांच्या आवारांतून भटकी कुत्री हलवण्याचे आदेश दिले. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही नसबंदी, लसीकरण आणि खाऊ घालण्याच्या जागा ठरवणं याच गोष्टी आहेत. नांदेड-वाघाळा महापालिका १९९७ची, लातूरची २०११ची. दोन्ही शहरांच्या वाढीबरोबर कुत्र्यांचे हे प्रश्नही नव्या वसाहतींत पोचले. तेव्हा ढाब्याच्या मागे उष्टं उघड्यावर टाकणं बंद करणं, अंगणाला जाळीचं कुंपण घालणं हे कॅफेच्या सजावटीआधीचं काम आहे.

दारावर एक वही असावी. आलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या रेबीज लसीची तारीख त्यात लिहावी. पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर आणि नंतर दरवर्षी, हा साधा क्रम आहे. उदगीरला आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, त्यामुळे लस मिळाली नाही ही सबब चालू देऊ नये. पुस्तक घरी राहिलं असेल तर मालकाला नम्रपणे परत पाठवावं. एवढं करूनही कुणाला दात लागलाच, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस वाचवण्याचं औषध आजही नाही. ही सूचना मराठीत, मोठ्या अक्षरांत, हात धुण्याच्या नळाशेजारी लावलेली असावी.