भिंतीला विजेचा रंग लागेल काय?

सूर्यशक्तीवर चालणारा पंप ही आता आपल्याकडे नवलाची वस्तू राहिलेली नाही. खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठेही जा, एखाद्या विहिरीच्या काठी लोखंडी सांगाड्यावर निळीकाळी पॅनेले उन्हाकडे तोंड करून उभी दिसतात. परंतु हल्ली शेतकरी बंधू आम्हांला निराळाच प्रश्न विचारू लागले आहेत. मोबाईलवर दाखवतात तो विजेचा रंग खरा काय? भिंतीला किंवा पत्र्याला ब्रशाने लावायचा, दोन तारा जोडायच्या आणि वीज घ्यायची. तसे असेल तर आताच पॅनेलांत पैसे कशाला घालायचे, दोन वर्षे थांबू या, असा त्यामागचा विचार असतो. एका वाडीवर तर कौलांवर चिकटवायचा "सौर कागद" आणून देतो असे सांगून आगाऊ रक्कम मागणारा एक गृहस्थही येऊन गेला. दोन वर्षे थांबायचे म्हणजे दोन उन्हाळी पिके हातची घालवायची. म्हणून ह्या रंगाची आणि कागदाची नीट माहिती करून घेणे बरे.

प्रथम वीज कशी निघते ते पाहू. सिलिकॉनसारख्या काही पदार्थांना अर्धवाहक म्हणतात. त्यांवर ऊन पडले की आतले इलेक्ट्रॉन नावाचे सूक्ष्म कण सुटे होतात. कण सुटे झाले म्हणजे वीज हाती आली असे मात्र नव्हे. त्यांना एका बाजूने बाहेर पडायला वाट हवी, तारेतून पंप फिरवून दुसऱ्या बाजूने परत यायलाही वाट हवी, आणि ह्या दोन वाटा एकमेकींना कुठेही भिडता कामा नयेत. भाताच्या खाचराचा बांध आठवा. बांध चांगला हातभर रुंद असतो, पण खेकड्याने एक बीळ पाडले की वरच्या खाचरातले पाणी रातोरात खालच्या खाचरात उतरते. सौर घटाचे तसेच आहे. खाली एक वाहक थर, मध्ये अर्धवाहक, वर उजेड आत सोडणारा पारदर्शक वाहक थर, अशी त्याची रचना असते. मधल्या थराला टाचणीच्या टोकाहून बारीक भोक राहिले तरी वीज तिथल्या तिथे उतरून जाते आणि तारेत काही येत नाही.

नेहमीच्या पॅनेलात सिलिकॉनची चकती सुमारे १५० मायक्रॉन जाड असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपला केस साधारण ७० मायक्रॉनांचा. पातळ थराच्या पॅनेलात, ज्याला थिन फिल्म म्हणतात, अर्धवाहकाचा थर दोनतीन मायक्रॉनांचा, काही प्रकारांत अर्ध्या मायक्रॉनाचाच असतो. माल इतका थोडा लागतो, हेच त्याचे मोठे आकर्षण. आता आपली भिंत पाहा. गवंड्याने कितीही गुळगुळीत गिलावा केला तरी त्यात मिलिमीटरभर उंचसखलपणा राहतोच, म्हणजे थराच्या जाडीच्या हजारपट. त्यावर ब्रशाने एकापाठोपाठ तीनचार हात द्यायचे आणि कुठेही भोक राहू द्यायचे नाही, हे काम कसे व्हावे? कारखान्यात हेच थर गुळगुळीत काचेवर किंवा प्लास्टिकवर, धूळ नसलेल्या खोलीत यंत्राने चढवतात. "रंग" हा शब्द खरा असला तर तेवढ्यापुरताच.

तरीही रंगाची गोष्ट निव्वळ थाप नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यात नोत्र दाम हे कॅथलिक विद्यापीठ आहे. होली क्रॉस संघाच्या धर्मगुरूंनी ते १८४२ साली स्थापन केले. तेथील प्राध्यापक प्रशांत कामत ह्यांच्या गटाने २०११ साली खरोखरच ब्रशाने लावता येणारे मिश्रण तयार केले. हे कामत मूळचे आपल्या शेजारचे, कारवारजवळच्या बिणगा गावचे, आणि १९७९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली. आपण घराला जो पांढरा रंग लावतो त्यात टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी असते. तिच्याच अतिसूक्ष्म कणांवर कॅडमियमच्या संयुगाचा लेप देऊन, पाणी व अल्कोहोल घालून त्यांनी पातळ लगदा केला आणि तो लावला. मात्र लावला तो भिंतीला नव्हे, वीजवाहक काचेला. वीज मिळाली, पण पडलेल्या उन्हाच्या १०० भागांतला सुमारे १ भागच. शोध लावणाऱ्यांनी हा आकडा लपवला नाही. तो गळून पडला तो बातमी एका मोबाईलवरून दुसऱ्या मोबाईलवर जाताना.

१ टक्का म्हणजे किती, हे शेताच्या हिशेबाने मांडू. लख्ख दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १,००० वॅट ऊन पडते. पाच अश्वशक्तीच्या सौर पंपाला सुमारे ४,८०० वॅटची पॅनेले देतात. नेहमीचे सिलिकॉन पॅनेल १०० तले २० ते २२ भाग घेते, तेव्हा एवढ्या विजेला २३ चौरस मीटर जागा पुरे, म्हणजे पाव गुंठ्याहून थोडी कमी. ५ टक्क्यांच्या मालाला एक गुंठा लागेल. १ टक्क्याच्या रंगाला पावणेपाच गुंठे. इतकी भिंत कोणाच्या घराला आहे? शिवाय भिंत उभी असते. दुपारचे ऊन तिच्यावर तिरपेच पडायचे.

पातळ थर मात्र जुना आहे, आणि तो आपण सर्वांनी हाताळला आहे. डेव्हिड कार्लसन आणि ख्रिस्तोफर रॉन्स्की ह्या दोघांनी १९७६ साली अमेरिकेत अस्फटिक सिलिकॉनचे पातळ घट केले. पुढे दुकानदारांच्या कॅल्क्युलेटरवर जी काळसर पट्टी आली ती त्याच जातीची. तिचा एक दोष लवकरच ध्यानात आला. उन्हात ठेवले की पहिल्या काही महिन्यांतच तिची शक्ती उतरते. कॅल्क्युलेटरचे त्यावाचून अडत नाही, पंपाचे अडते. दुसरी जात कॅडमियम टेल्युराइडची. ती मात्र कसाला उतरली. तिची पॅनेले मोठमोठ्या सौर प्रकल्पांत वर्षानुवर्षे चालू आहेत, कडक उन्हाळ्यात तापली तरी फारशी मंदावत नाहीत, आणि फर्स्ट सोलर ह्या अमेरिकन कंपनीने २०२४ साली तमिळनाडूतही त्यांचा कारखाना उघडला. परंतु हा पातळ थर दोन काचांच्या मध्ये बंद केलेला असतो. थर पातळ, पॅनेल चांगले जड! पातळ म्हणजे हलके, असा समज करून घेऊ नये.

सध्या ज्याचा गाजावाजा आहे तो पदार्थ म्हणजे पेरोव्स्काइट. जपानात त्सुतोमु मियासाका ह्यांनी २००९ साली त्याचा पहिला सौर घट केला. त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती आणि तो काही मिनिटांतच बिघडे. आज प्रयोगशाळेतले छोटे घट २६ टक्क्यांपुढे गेले आहेत. सिलिकॉनवर हाच थर चढवला तर ३४ टक्क्यांच्याही वर आकडा गेला आहे, मात्र तो नखाएवढ्या तुकड्यावर. ऑक्सफर्ड पीव्ही ह्या कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये अशा जोडथराच्या पॅनेलांची पहिली विक्री केली, २४.५ टक्क्यांची. एवढ्या थोड्या वर्षांत दुसऱ्या कुठल्या सौर पदार्थाने अशी मजल मारल्याचे आमच्या वाचनात नाही. शिवाय हा पदार्थ शाईसारखा द्रवात विरघळवून, वर्तमानपत्र छापावे तसा लांब पट्टीवर चढवता येतो. म्हणूनच त्याला रंग म्हणण्याचा मोह होतो.

अडचण आहे ती पाण्याची. विरघळवून लावता येते ते विरघळून जातेही. हवेतला दमटपणा, उष्णता, आणि खुद्द ऊनसुद्धा त्याला पोखरते. खानापूरच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात दारांच्या चौकटी फुगतात, मीठ बरणीत पाझरते, कपड्यांना बुरशी धरते. तिथल्या छपरावर ह्या थराने किती पावसाळे काढावे? सिलिकॉनच्या पॅनेलाला २५ वर्षांची हमी मिळते, आणि वर्षाला साधारण अर्धा टक्का एवढीच त्याची शक्ती कमी होते. जपानातील सेकिसुई केमिकल कंपनीने वाकणारी पेरोव्स्काइट पट्टी केली आहे. ती १५ टक्क्यांची, आणि उघड्यावर १० वर्षे टिकेल असे कंपनी सांगते. १० वर्षे थोडी नव्हेत. पण कर्ज काढून घेणाऱ्याने २५ आणि १० ह्यांतला फरक अवश्य मोजावा.

तरी ह्या हलक्या पट्टीकडे आमचे लक्ष आहे, आणि ते आपल्या जुन्या घरांमुळे. मंगळुरी कौलांची छपरे, खाली वाळवीने अर्धे खाल्लेले वासे आणि रिपा. अशा छपरावर चौरस मीटरला १०-११ किलोचे पॅनेल, शिवाय लोखंडी सांगाडा, आणि त्याखाली शिरणारा आषाढातला वारा, हे सारे झेपत नाही. त्या घरांना हलकी पट्टी खरोखर उपयोगी पडेल. जपानलाही मोकळी जमीन कमी आणि छपरे कमकुवत हीच विवंचना आहे. म्हणून त्या सरकारने २०४० पर्यंत सुमारे दोन कोटी किलोवॅट इतकी पेरोव्स्काइटची वीज उभारण्याचे ठरवले आहे. तो माल स्वस्त होऊन आपल्या बाजारात आला, तर घरातले दिवे-पंखे त्यावर चालावेत. विहिरीच्या पंपाचा प्रश्न वेगळा आहे. तिथे पॅनेल जमिनीवर उभे असते, वजनाची अडचणच नाही. म्हणून पंपासाठी थांबू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पंप घ्यायचा असेल तर २०१९ साली सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेविषयी, किंवा तिच्या जागी जे काही चालू असेल त्याविषयी, कृषी खात्याच्या किंवा वीज कंपनीच्या कचेरीत स्वतः जाऊन विचारावे. शेतकऱ्याचा वाटा राज्याराज्यांत निराळा आहे. ह्या योजनेच्या नावाने खोटी संकेतस्थळे काढून नोंदणीचे पैसे उकळतात, असा इशारा केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानेच वेळोवेळी दिला आहे. "कागद" किंवा "रंग" विकायला कोणी दारी आला तर मालाच्या मागे किती वॅट छापले आहे, भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी आहे काय, आणि किती वर्षांची हमी लेखी देता, एवढे विचारावे. लेखी देत नसेल तर त्याला चहा पाजून वाटेस लावावे. आगाऊ काही देऊ नये. आणि उन्हाळ्यात घर तापते म्हणून पत्र्याला काही लावायचेच असेल तर पांढरा चुना लावा. वीज मिळणार नाही, पण ऊन बरेचसे परतून खोली थंड राहील.

आरोग्याचेही थोडे सांगितले पाहिजे. आज जे पेरोव्स्काइट उत्तम चालते त्यात शिसे असते. एका चौरस मीटरच्या थरात ते एक ग्रॅमहूनही कमी भरते, ट्रॅक्टरच्या बॅटरीत तर ते कित्येक किलो असते. परंतु बॅटरी पेटीत बंद असते. पट्टी फाटली तर तिच्यातले शिसे पावसाच्या पाण्यात उतरू शकते, आणि आपल्याकडे पुष्कळ घरी पन्हळीचे पाणी हौदात साठवतात. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते. तेव्हा पुढेमागे अशी पट्टी छपरावर घातली, तर त्या बाजूच्या पन्हळीचे पाणी पिण्याच्या हौदात घेऊ नये. नेहमीच्या पॅनेलांच्या जोडांतही थोडे शिसे असते. गारांनी किंवा माकडांनी काच फोडली तर पॅनेल आडविहिरीत टाकू नये, जाळूही नये. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलांचा समावेश झाला आहे आणि ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. म्हणून पंप बसवून देणाऱ्याची पावती आणि पॅनेलावरचे क्रमांक सातबारा-उताऱ्यांच्या पिशवीतच ठेवून द्यावेत.