दम वाढतो, नडगी मागे राहते

पोलीस भरतीची जाहिरात आली की नांदेडच्या बायपासवर आणि लातूरच्या क्रीडा संकुलात पहाटेची गर्दी वाढते. पोरांना 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारायचं असतं, पोरींना 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांत. तरच 20 पैकी 20 गुण. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकेक जण लंगडायला लागतो. विचारलं की उत्तर ठरलेलं: "शिन पेन झालंय." म्हणजे नडगी दुखतेय.

कशानं झालं? कुणी बुटांना दोष देतं, कुणी डांबरी रस्त्याला. फिरायला आलेल्या चाळिशीपुढच्या मंडळींचं मत वेगळंच, पळून पळून गुडघ्याच्या वाट्या घासतात म्हणे. (हौसेनं, बेतानं पळणाऱ्यांचे गुडघे न पळणाऱ्यांपेक्षा जास्त झिजलेले आढळत नाहीत.) स्ट्रेचिंग राहिलं, हे मात्र झाडून सगळे सांगतात. ऑस्ट्रेलियात लष्कराच्या 1538 नव्या जवानांवर हे तपासून पाहिलं गेलं, निष्कर्ष 2000 साली छापून आले. एका गटानं 12 आठवडे व्यायामाआधी पायांचे स्नायू ताणले, दुसऱ्यानं नाही. दुखापतींत म्हणण्याजोगा फरक पडला नाही.

खरी गोष्ट हाडात घडते. पळताना दर पावलाला पायावर अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, आणि किलोमीटरला साधारण हजार पावलं पडतात. एवढा मार बसू लागला की हाड स्वतःची डागडुजी काढतं. जुन्या वाड्याची भिंत बांधताना आधी ढिले दगड उपसावे लागतात, तसंच इथं. जुना भाग पोखरायला दोन-तीन आठवडे, नवा भरून पक्का व्हायला तीनेक महिने. म्हणजे महिन्याच्या आसपास नडगी सगळ्यात कच्ची असते. आणि नेमका तेव्हाच दम वाढलेला असतो, म्हणून पोरगं चाराच्या आठ राउंड करतं. बूट तेच, रस्ता तोच; वाढल्या त्या राउंड.

म्हणून तयारी जाहिरातीच्या आधी काही महिने सुरू करावी, राउंड सावकाश वाढवाव्यात, आठवड्यात एक-दोन दिवस पळूच नये. आधी एकदा दुखावलेल्यानं जास्तच जपावं. पोरींच्या बाबतीत एक गोष्ट घरात बोलली जात नाही: खाणं कमी, पळणं जास्त आणि पाळी बंद, तर हाडं कमजोर होऊ लागली असं समजा. "पळताना होतंच" म्हणून सोडून देऊ नका.

दुखणं नडगीच्या आतल्या कडेनं वीतभर पसरलं असेल, तर पळणं कमी केल्यावर बहुधा उतरतं. पण एका बोटानं "इथंच" असं दाखवता येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्या. गोळी खाऊन मैदानी चाचणी देऊ नका, हाडांच्या डॉक्टरांकडे जा. अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. एक्स-रे साफ आला तरी डॉक्टर सांगेपर्यंत पळू नका.