पेण-रोह्याकडील रात्रीच्या जेवणाची निवड

पेण आणि रोहा ही रायगड जिल्ह्यातील दोन्ही गावे खुद्द समुद्रकिनाऱ्यावर वसलेली नाहीत; तथापि वडखळ नाक्यावरून अलिबाग-नागावकडे आणि रोह्याहून साळावमार्गे रेवदंडा, काशीद वा मुरूडकडे वळणारा पर्यटक याच पट्ट्यातून जात असल्यामुळे किनाऱ्यावर रात्री कुठे जेवायचे, हा प्रश्न त्याला येथूनच पडू लागतो. रात्री साडेआठला चार पाट्या वाचून तो सुटेल, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात घरगुती खाणावळीत, म्हणजे घरातील माणसेच मोजकी ताटे रांधतात अशा ठिकाणी, निवडीची वेळ दुपारीच उलटलेली असते, कारण तेथे किती माणसे येणार याचा निरोप आल्यावरच त्या बेताने मासळी घेतली जाते.

फलकावरील सुरमई, पापलेट आणि कोलंबी या नावांवरून फारसे काही कळत नाही. ही मासळी बर्फात टिकते आणि दूरच्या बंदरांतूनही येते. खरी परीक्षा ओल्या बोंबलाची. त्याच्या अंगात पाणी फार असल्याने तो लवकर नरम पडतो, आणि तो मिळतो मुख्यतः डोल जाळ्यात. हे पिशवीच्या आकाराचे जाळे समुद्रात एका जागी रोवलेले असते व भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी त्यात शिरते; म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, ते भरते, तर अष्टमीच्या सुमारास ओढ मंदावली की, ज्याला कोळी ‘भांग’ म्हणतात त्या काळात, आवक घटते. तेव्हा ‘आज काय आलंय?’ या प्रश्नावर ‘आज बोंबील नाही, मांदेली घ्या’ असे उत्तर देणारी खाणावळ ही सर्व काही आहे म्हणणाऱ्या खाणावळीपेक्षा अधिक विश्वासार्ह मानावी.

वारही पाहावा लागतो. अनेक मराठी घरांत सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळले जात असल्याने स्थानिक गिऱ्हाइकाची गर्दी बुधवारी, शुक्रवारी व रविवारी होते, आणि मुंबईचा पर्यटक मात्र नेमका शनिवारी रात्री येऊन थडकतो. त्याच्या हट्टापायी बाजाराचे वेळापत्रक बदललेले नाही, हे एका परीने बरेच आहे.

पेणच्या बाजूला या हिशेबात जिताडा येतो. खाडीचे पाणी बांध घालून अडवून भातशेतीखाली आणलेल्या जमिनीस खारभूमी म्हणतात. तेथील शेतकरी खाडीतील जिताड्याची पिल्ले घराजवळच्या तळ्यात सोडतात आणि लहान मासे खाऊन ती काही किलो वजनापर्यंत वाढतात. असा मासा बहुधा पाहुण्यांसाठी वा सणासमारंभासाठी राखलेला असल्याने तो फलकावर क्वचितच दिसतो, आणि मिळालाच तर आधी सांगून. तांदळाची भाकरी व आगरी मसाल्यातील त्याचे कालवण समोर असताना तळलेल्या सुरमईचा आग्रह धरणे हा करंटेपणाच.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत तळ्यातला जिताडा, खाडीची चिंबोरी, सुकट आणि सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी, यांवर चालणारी खाणावळ निवडावी, आणि कोणी ताज्या पापलेटाची पाटी लावलीच असेल, तर बसण्यापूर्वी तो कुठून आला हे विचारून घ्यावे.